वर्ग हाताबाहेर जाण्याआधी: नव्या शिक्षकांसाठी

जूनच्या मध्यात शाळा उघडते, वेळापत्रक हातात पडतं आणि नव्या शिक्षकाच्या वाट्याला हमखास आठवी ‘ब’ नाहीतर नववी ‘क’ येते. पंचावन्न-साठ मुलं, एकेका बाकावर तिघं-तिघं. स्टाफरूममध्ये लगेच कुणीतरी सांगतं, “पहिल्याच दिवशी दम द्या, नाहीतर डोक्यावर बसतील.” सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण सल्ला कामाचा नाही. दम दोन आठवडे पुरतो. जुलैत पोरांना कळून चुकतं की सर ओरडतात आणि पुढे काहीच होत नाही. मग आवाज आणखी चढवावा लागतो, घसा बसतो आणि शिकवणं बाजूला राहतं.

माझं ठाम मत असं आहे की वर्गातला बहुतेक गोंधळ तासाच्या रिकाम्या मिनिटांत जन्माला येतो. हजेरी चालू असताना, वह्या वाटताना, फळा पुसताना, “आता गट करा” असं म्हटल्यावर, घंटेआधीच्या पाच मिनिटांत. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी वर्गांचं चित्रीकरण करून ते बारकाईने तपासलं आणि १९७० मध्ये आपले निष्कर्ष मांडले. सुरळीत चालणाऱ्या आणि सतत विस्कटणाऱ्या वर्गांतले शिक्षक मुलांना रागावतात कसे, यात त्यांना फारसा फरक सापडला नाही. फरक होता तो आधीच्या कामात: शिकवताना सगळ्या वर्गावर नजर असणं, एका वेळी दोन गोष्टी सांभाळता येणं, एका कामातून दुसऱ्या कामात न अडखळता जाणं. या तिन्ही गोष्टी शिकून येतात. त्यासाठी भारदस्त आवाज किंवा उंची लागत नाही, हे खास करून नव्या शिक्षिकांना सांगावंसं वाटतं, कारण “तुम्हाला नाही ऐकणार ती पोरं” हे त्यांना फार लवकर ऐकवलं जातं.

वर्गात पाऊल टाकण्याआधी

गेल्या वर्षीच्या वर्गशिक्षकांना भेटा. “त्रास कोण देतं?” हा प्रश्न मात्र विचारू नका. पाच नावं मिळतील आणि पहिल्या दिवसापासून तुमची नजर त्या पाचांवरच खिळेल. त्याऐवजी विचारा, वाचायला कुणाला जड जातं, लांबून चालत कोण येतं, घरी आजारपण किंवा अडचण कुणाची आहे. गेल्या वर्षीचं हजेरीपत्रक मागून घ्या आणि सलग गैरहजेरी कुणाची दिसते ते पाहा. बीड, जालना, अहिल्यानगर या भागांत दिवाळीच्या सुमारास कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. आई-वडिलांबरोबर गेलेल्या मुलाचं जवळजवळ अर्धं वर्ष बुडतं. सहावीत अपूर्णांक बुडाले, सातवीत समीकरणं बुडाली, आणि आता तो आठवीत बसून बैजिक राशींचे अवयव पाहतोय. त्याच्यासाठी तुमचा चाळीस मिनिटांचा तास म्हणजे चाळीस मिनिटं रिकामं बसणं.

हा मुद्दा नीट लक्षात घ्या. ज्याला वाचता येत नाही तो मुलगा वर्गासमोर ‘ढ’ ठरण्यापेक्षा ‘वात्रट’ ठरणं पसंत करतो. वात्रटाला मित्र असतात, ‘ढ’ला नसतात. म्हणून धडा वाचायला उभं केलं की तो काहीतरी विनोद करतो, वर्ग हसतो, तुम्ही चिडून त्याला खाली बसवता, आणि त्याला हवं ते झालेलं असतं. पहिल्या आठवड्यातच वर्गाला लेखी काम द्या आणि एकेकाला टेबलाशी बोलावून हळू आवाजात एक परिच्छेद वाचायला सांगा. फळ्यावरचं एक वाक्यही त्याच्या जागेवरून वाचून घ्या. शेजाऱ्याच्या वहीत सारखा डोकावणारा मुलगा नक्कल करतोय असं आपण धरून चालतो, आणि प्रत्यक्षात त्याला फळा नीट दिसत नसतो, चष्मा हवा असतो.

रिकाम्या वर्गात एकदा फिरून या. शेवटच्या बाकापर्यंत तुम्हाला पोचता येतं का? येत नसेल तर बाक सरकवा, मधून वाट काढा. शिक्षक फळ्यापाशी अडकून राहिला की मागच्या तीन रांगा आपोआप वेगळा वर्ग होतात. बाकांचा नकाशा काढून त्यात नावं लिहा आणि टाचणवहीत, म्हणजे तासाची तयारी लिहितो त्या वहीत, चिकटवा. नावं पहिल्या आठवड्यात पाठ झाली पाहिजेत. “ए, खिडकीजवळचा” या हाकेला ओ द्यायला कुणीच बांधील नसतं.

पहिला आठवडा: सवयी बसवणं

नियम तीनच ठेवा, चार फार झाले. एक जण बोलत असताना बाकीचे ऐकतात. उत्तर द्यायचं तर हात वर. घंटा झाली तरी शिक्षकांनी सांगितल्यावर उठायचं. “बोलू नका, खिदळू नका, इकडेतिकडे पाहू नका” अशी यादी करण्यापेक्षा काय करायचं ते सांगितलेलं मुलांना पाळता येतं. आणि नियम सांगून थांबू नका, करून घ्या. वर्गाबाहेर रांगेत उभं राहून आत येणं आणि वही काढून बसणं, हे आठवीच्या मुलांकडूनही दोनदा करून घ्यायला लाजू नका. पाच मिनिटं जातात, पण पुढे वर्षभर वाचतात.

वर्ग शांत करण्यासाठी एक खूण ठरवा. हात वर करून ठरलेल्या एकाच जागी उभं राहणं पुरतं. “शांत बसा, शांत बसा” हे इतक्या वेळा कानावर पडतं की त्या गोंगाटातला तो आणखी एक आवाज होतो. खूण केली की पूर्ण शांतता होईपर्यंत थांबा. पहिल्यांदा अर्धं मिनिट लागेल आणि ते अर्धं मिनिट फार लांब वाटेल. तरी गोंगाटावर बोलायला सुरुवात करू नका. एकदा केलीत की तुम्ही बोलत असताना आपणही बोलू शकतो, हे वर्गाने शिकून घेतलं.

पाण्याला आणि स्वच्छतागृहात जाण्याचं आधीच ठरवून टाका. एका वेळी एक मुलगा आणि एक मुलगी, टेबलावरची लाकडी पट्टी उचलून जायचं, परत आल्यावर जागेवर ठेवायची, विचारायची गरज नाही. “सर, पाण्याला जाऊ?” हे तासाला आठ वेळा ऐकण्यातून सुटका होते. मुलींना मात्र कारण कधीच विचारू नका, आणि पट्टी जागेवर नसली तरी थांबवू नका. पाळी आलेल्या मुलीला साठ जणांसमोर परवानगीसाठी ताटकळत ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

तासाचे सांधे

खरी मेहनत इथे करायची आहे. तासाची सुरुवात, मधले बदल आणि शेवट, एवढं टाचणात लिहून ठेवा. काय शिकवायचं हे सगळेच लिहितात. वही काढण्यापासून बंद करण्यापर्यंत प्रत्येक मिनिटाला मुलांचे हात काय करत असतील, हे फार थोडे जण लिहितात.

सुरुवात: वर्गात शिरताच फळ्यावर दोन छोटी कामं लिहा. कालच्या धड्यावरचा एक प्रश्न आणि एक उदाहरण, जे कच्च्या मुलालाही जमेल. मुलं ते वहीत उतरवत असताना तुम्ही नकाशा पाहून मूकपणे हजेरी घ्या. मोठ्याने साठ नावं घेण्यात निदान चार मिनिटं जातात आणि ज्यांचं नाव होऊन गेलं ते मोकळे होतात.

आता वह्यांचं वाटप पाहा. तपासलेल्या साठ वह्यांचा गठ्ठा टेबलावर आहे. शिक्षक एकेक नाव वाचतात, मुलगा शेवटच्या बाकावरून उठतो, दप्तरांवरून उड्या मारत येतो, जाताना एकाला टपली मारतो, दुसरा त्याचा पाय ओढतो. पुढचं नाव घेईपर्यंत आधीचा मुलगा “मला किती, तुला किती” करत शेजाऱ्याची वही उघडतो. सात-आठ मिनिटांत वर्ग पार विस्कटतो आणि मग तुम्ही टपली मारणाऱ्याला उभं करता. हेच काम असं करून पाहा: वह्या गोळा करतानाच रांगेप्रमाणे करायच्या. प्रत्येक रांगेतल्या शेवटच्या बाकाने आपल्या वह्या पुढच्या बाकावर द्यायच्या, त्यांनी आपल्या त्यावर ठेवायच्या, असं करत पहिल्या बाकावर गठ्ठा तयार. त्याला रबर लावायचं. तपासताना क्रम मोडायचा नाही. परत देताना रांगेचा गठ्ठा पहिल्या बाकावर ठेवला की वरच्या वह्या त्यांच्या, बाकीच्या मागे सरकवायच्या. कुणी उठत नाही, मिनिटभरात काम होतं. आणि वही हातात पडण्याआधीच फळ्यावर लिहून ठेवा, “तुमच्या वहीतली एक चूक शोधून दुरुस्त करा.”

गटकामाचंही तसंच. “चार-चार जणांचे गट करा” म्हटलं की बाक घसटतात आणि दोन मुलं कुठल्याच गटात नसतात. गट आदल्या दिवशी कागदावर पाडा. सूचना एका वेळी एक द्या, आणि काम समजल्याचं एका मुलाकडून बोलून घेतल्याशिवाय हलायला सांगू नका.

प्रश्न विचारण्याचीही रीत आहे. “कोण सांगेल?” म्हटलं की ठरावीक सहा मुलं एकदम ओरडतात. आधी प्रश्न विचारा, थांबा, मग नाव घ्या. नाव आधी घेतलंत तर उरलेले एकोणसाठ जण निश्चिंत होतात. विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकी अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात हे मोजून दाखवलं. प्रश्नानंतर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात. हा अवधी तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं मोठी होतात, एरवी गप्प राहणारी मुलं बोलतात आणि शिस्तीसाठी टोकण्याची वेळही कमी येते.

शेवटच्या पाच मिनिटांत नवीन काही सुरू करू नका. “आज काय कळलं” ते एका वाक्यात वहीत लिहायचं, मग दप्तर भरायचं, मग रांगेने उठायचं.

तरीही सुरू झालंच तर

होणारच. तयारी कितीही केलीत तरी कुणीतरी कागदाचं विमान सोडेल. अशा वेळी पायरीपायरीने जा आणि सर्वांत लहान उपायापासून सुरुवात करा. शिकवणं न थांबवता त्या मुलाकडे पाहा. भागलं नाही तर शिकवत शिकवत त्याच्या बाकापाशी जाऊन उभे राहा. तरीही चालू राहिलं तर वाक्यातच त्याचं नाव घ्या: “आता समजा, गणेश, या त्रिकोणाची ही बाजू सहा सेंटिमीटर आहे…” पुढची पायरी म्हणजे वाकून, फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, “तिसरं उदाहरण सोडव, मी दोन मिनिटांत बघायला येतो,” आणि लगेच तिथून निघून जा. निघून जाणं महत्त्वाचं आहे. उभे राहिलात तर त्याला मित्रांसमोर नमावं लागतं, आणि चौदा वर्षांच्या मुलाला ते मरणाहून अवघड वाटतं.

कौनिन यांचं आणखी एक निरीक्षण इथे उपयोगी पडतं. एकाला रागावलं की बघणाऱ्यांवरही परिणाम होतो. काय थांबवायचं आणि काय करायचं हे स्पष्ट सांगितलं तर बाकीची मुलंही सावरून बसतात. संतापून अपमान केला तर ती शिस्तीत येत नाहीत, नुसती अस्वस्थ होतात आणि त्यांचं अभ्यासातलं लक्ष उडतं.

आणि मुलगा सरळ म्हणालाच, “नाही करणार, काय करायचं ते करा,” तर? सगळा वर्ग श्वास रोखून तुमच्याकडे बघतो. ही लढाई तिथे लढू नका. साध्या आवाजात म्हणा, “बरं. मधल्या सुट्टीत आपण दोघं बोलू,” आणि फळ्याकडे वळून पुढचं वाक्य लिहा. तुम्ही हरलात असं वर्गाला वाटत नाही. तोल गेला असता तर वाटलं असतं. फक्त मधल्या सुट्टीत बोलणं झालंच पाहिजे. विसरलात तर पुढच्या वेळी तुमचा शब्द कुणी मनावर घेणार नाही.

एकट्यात बोलताना

त्याला खिचडी खाऊन येऊ द्या, उपाशी मुलाशी बोलू नका. व्हरांड्यात उभे राहा, जिथे लोकांना दिसता पण बोलणं ऐकू जात नाही. खोलीत दार लावून एकट्या मुलाशी किंवा मुलीशी कधीच बोलू नका. त्यात दोघांचीही सुरक्षितता आहे.

“गणेश, आज गणिताच्या तासाला काय झालं?”

“काही नाही सर.”

“मी काय पाहिलं ते सांगतो. उदाहरण वहीत घ्यायला सांगितलं तेव्हा तू वही बंद केलीस.”

बराच वेळ गप्प. ही शांतता तुम्ही भरू नका.

“मला ते येतच नाही सर. सगळे हसतात.”

पुष्कळदा असंच काहीतरी निघतं. आता उपदेश करू नका. पुढच्या तासाचं एक ठरवा: “उद्या तुला पहिलंच उदाहरण विचारतो, ते आपण आत्ता इथे सोडवून ठेवू. आणि तू चिडलास की वही बंद न करता पालथी ठेव, मी समजून घेईन.” दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण विचारायला चुकू नका.

शिक्षेबद्दल

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करतं. कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि उल्लंघन केल्यास सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होते. छडी, उठाबशा, कोंबडा, उन्हात उभं करणं, गृहपाठाऐवजी शंभर वेळा कान धरून वाकणं, हे सगळं बंद. जातीवरून, घरावरून, बापाच्या दारूवरून मारलेला टोमणाही बंद. “नाव काढून टाकीन” ही धमकीही पोकळ आहे, कारण कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. हा कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे म्हणून नववी-दहावीत हात उचलायला मोकळीक आहे, असा अर्थ काढू नका. अठरा वर्षांखालच्या मुलावर त्याला सांभाळणाऱ्याने केलेली क्रूरता बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली गुन्हा आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी मारण्याचा मला मुख्य आक्षेप वेगळा आहे. मार खाल्लेलं मूल केलेल्या चुकीचा विचार करत नाही, मारणाऱ्याचा करतं. त्याने बाक कोरला असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर तुमच्याबरोबर बसून बाक घासायला लावा. कुणाची वही फाडली असेल तर ती पानं पुन्हा लिहून द्यायला सांगा. केलेलं नुकसान भरून काढायला लावलं की ते त्याला समजतं. अख्ख्या वर्गाला एकाच्या चुकीची शिक्षा तर कधीच करू नका. गप्प बसलेली चाळीस मुलं त्या दिवशी तुमच्या बाजूची राहत नाहीत.

नोंद आणि पालक

एक साधी वही करा. तारीख, कितवा तास, त्याआधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, तुम्ही काय केलंत. “उद्धट आहे” असं लिहू नका, “वही दिली नाही, उभा राहिला नाही” असं लिहा. तीन आठवड्यांनी वाचलंत की सूत्र दिसतं. सगळ्या नोंदी मधल्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाच्या निघतील, किंवा खेळाच्या तासानंतरच्या, किंवा ठरावीक दोघे शेजारी बसले तेव्हाच्या. मग मुलाला बदलण्याच्या मागे न लागता बाक बदला, त्या तासाला आधी लेखी काम द्या.

पालकांना पहिला फोन तक्रारीचा नसावा. जुलैतच एक चांगली गोष्ट कळवा: “नमस्कार ताई, मी शाळेतून बोलतोय. काळजीचं काही नाही. आज गणेशने प्रयोगाचं सामान फार नीट आवरलं, तेवढंच सांगायला फोन केला.” शाळेतून फोन म्हणजे मार, हे ज्या घरात ठरलेलं आहे तिथे हा फोन मोठं काम करतो. पुढे अडचण सांगायची वेळ आली तर नोंदवही समोर ठेवून बोला आणि घरी मारू नका असं आवर्जून सांगा. पालक मजुरी बुडवून येणार असतील तर त्यांच्या सोयीची वेळ घ्या.

जे तुम्ही एकट्याने हाताळायचं नाही

वर्गातला दंगा आणि छळ यांत फरक आहे. एकाच मुलाला रोज लक्ष्य केलं जात असेल, जातीवरून शिवी दिली गेली असेल, कुणी मुलीच्या अंगाला हात लावला असेल, तर ते “पोरांचं भांडण” म्हणून मिटवू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी कळवा. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली किंवा तशी शंका आली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. मुलाचं नाव स्टाफरूममध्ये फिरू देऊ नका. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक वर्गात दिसेल असा लावा. हसतं-खेळतं मूल अचानक आक्रमक झालं किंवा गप्प झालं, तर आधी त्याच्यावर काय ओढवलं असेल याचा विचार करा.

हुशारीने बोलणारा पण लिहायला बसवलं की उधळणारा मुलगा पाहिलात तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित सतत जड जाण्याची, शक्यता ध्यानात ठेवा. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळालं तर दहावीच्या परीक्षेत सवलती मिळतात. निदान आपण करायचं नसतं. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या (शाळांना मदत करणाऱ्या शिक्षण विभागाच्या केंद्रातल्या) समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलवा.

दिवाळीनंतर

सुट्टीवरून आल्यावर बसवलेल्या सवयी सैल झालेल्या असतात. पहिले दोन दिवस जूनसारखेच वापरा: बाकांचा नवा नकाशा, तीन नियम पुन्हा, वह्यांचं वाटप पुन्हा करून दाखवणं. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची यादी सुट्टी लागण्याआधीच करून मुख्याध्यापकांकडे द्या. गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार असेल तर पालकांना तेव्हाच सांगा, म्हणजे मूल मागे राहू शकेल. जे मूल जाणारच आहे त्याच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे जिथे कुटुंब उतरेल तिथल्या शाळेत त्याला बसता येईल.